भीड सोडून मागणे: चिकाटीच्या प्रार्थनेविषयी एका आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका भगिनीचा धाकटा मुलगा सात वर्षांपासून दारूच्या आहारी गेला आहे आणि ही आई सात वर्षे रोज त्याच्यासाठी प्रार्थना करीत आहे. तिच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्यांनी तिला सांगितले की, एकदा मागितल्यावर तीच गोष्ट पुन्हा मागणे हा अविश्वास आहे. विश्वास असेल तर आभार मानावेत आणि स्वस्थ बसावे. पुढे एका उपास-प्रार्थनेच्या सभेत पाहुण्या प्रचारकाने तिला नेमके उलटे सांगितले: तुम्ही फार दबकत मागता, धैर्याने हक्क सांगा, देव वचनाला बांधील आहे. या दोघांच्या मध्ये सापडलेली ही आई लिहिते, "तीच मागणी घेऊन देवापुढे जायची आता मला लाज वाटते. मी थांबू का?" शेवटी तिने आणखी एक साधा प्रश्न विचारला आहे: मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, तरी शुक्रवारचा उपास धरावा का?

ताई, मी ३४ वर्षे पाळकाचे काम केले, त्यातली बहुतेक नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत. तुमच्या पत्रातला जो शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, तो म्हणजे 'लाज'. कारण प्रभू येशूने या विषयावर जो पहिला दृष्टांत सांगितला, त्याच्या गाभ्याशी हाच शब्द आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायात एक माणूस मध्यरात्री मित्राच्या दारात उभा राहून तीन भाकरी उसन्या मागतो. आतला मित्र कुरकुरतो की दार लावले आहे, मुले जवळ निजली आहेत, आता उठता येत नाही. प्रभू म्हणतो, मैत्रीखातर तो उठणार नाही, पण याच्या 'आग्रहामुळे' उठेल. आपल्या पवित्र शास्त्रात आग्रह असा शब्द घातला आहे आणि तो सभ्य आहे. मूळ ग्रीक शब्द मात्र 'अनाइदेया' असा आहे, आणि त्याचा सरळ अर्थ निर्लज्जपणा असा होतो. मराठीत त्याच्या जवळ जाणारा शब्द शोधायचा झाल्यास मी 'भीड सोडणे' असे म्हणेन. आपल्याकडे 'भीड भिकेची बहीण' ही म्हण आहे. जो संकोचाने तोंड उघडत नाही, तो अखेर उपाशी राहतो. प्रभूला आपल्याकडून नेमकी हीच भीड सोडून हवी आहे.

त्या रात्रीचे चित्र जरा जवळून पाहा. गालीलातील गरिबाचे घर बहुधा एका खोलीचे असे. सगळे कुटुंब एकाच अंथरुणावर आडवे होई, आणि दाराचा अडसर काढायचा म्हणजे साऱ्या घराची झोपमोड होई. शेवटच्या एसटीने उशिरा पाहुणा यावा, डब्यात पीठ नसावे आणि घरच्या बाईने पदर सावरत शेजारणीची कडी वाजवावी, हा प्रसंग आपल्याकडच्या जुन्या माणसांना परका नाही. ती बाई शेजारणीकडे जाते, ते शेजारीण आपली आहे म्हणूनच. परक्याच्या दाराची कडी तिने इतक्या रात्री वाजवली नसती. दुसरे असे की ती स्वतःच्या पोटासाठी मागत नाही. दारात आलेल्या दुसऱ्या कोणासाठी तरी ती मागते आहे. ताई, तुमचे मागणेही याच जातीचे आहे. काही अभ्यासक त्या वाक्यातील लाजेचा संबंध आतल्या माणसाशी जोडतात, म्हणजे गावात नाचक्की नको म्हणून तो उठला, असा अर्थ लावतात. तो अर्थ मला व्याकरणाच्या दृष्टीने अशक्य वाटत नाही, पण पुढच्याच वचनांत 'मागा, शोधा, ठोका' असे आल्यामुळे भर मागणाऱ्यावर आहे, असे माझे मत आहे.

लूकच्याच १८व्या अध्यायात दुसरा दृष्टांत आहे: अन्यायी न्यायाधीश आणि त्याच्याकडे खेटे घालणारी विधवा. तिच्याजवळ वशिला नाही, द्यायला पैसा नाही, तिच्या बाजूने बोलणारा पुरुष नाही. आहे ते फक्त रोज येऊन उभे राहणे. न्यायाधीश कंटाळून म्हणतो की ही मला अगदी रंजीस आणील, म्हणजे हैराण करून सोडील, आणि तेथे जो ग्रीक शब्द आहे, तो मुष्टियोद्ध्यांच्या भाषेतला आहे, डोळ्याखाली ठोसा लगावणे अशा अर्थाचा. प्रभूने हा विनोद जाणूनबुजून केला आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. परंतु येथेच पुष्कळ उपदेशक घसरतात. ते देवाला त्या न्यायाधीशाच्या जागी बसवतात आणि सांगतात की देवाला सतावल्याशिवाय तो हलत नाही. दृष्टांताची मांडणी तशी नाही. असला माणूसही अखेर ऐकतो, तर जो पिता आहे, तो कितीतरी अधिक ऐकेल, अशी ती 'मग किती विशेष' या पद्धतीची आहे. तेव्हा चिकाटी ही देवाची अनिच्छा मोडून काढण्याची युक्ती नव्हे. विधवा न्यायाधीशाच्या स्वभावाविरुद्ध झगडत होती. आपण मागतो ते देवाच्या स्वभावाच्या भरवशावर.

आता मंडळीतील त्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे घेऊ. पुन्हा मागणे हा अविश्वास असता, तर गेथशेमाने बागेत प्रभूने जे केले, त्याचा अर्थ लागत नाही. त्याने तीन वेळा जाऊन प्रार्थना केली, आणि तिसऱ्या वेळी 'पुन्हा तेच शब्द' बोलला, असे मत्तयाने मुद्दाम नोंदवले आहे. एलीया संदेष्ट्याचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. पाऊस पाडीन, असे वचन देवाने त्याला आधीच दिले होते. वचन हातात असतानाही तो कर्मेल डोंगराच्या माथ्यावर गुडघ्यांत तोंड घालून बसला आणि चाकराला समुद्राकडे पाहायला पाठवत राहिला. चाकराने सहा वेळा येऊन काही नाही म्हणून सांगितले, सातव्या वेळी तळहाताएवढा ढग दिसला. वचन मिळाले म्हणून मागणे संपले, असे त्याला वाटले नाही. त्या वडीलधाऱ्यांच्या मनात बहुधा 'व्यर्थ बडबड करू नका' हे वचन असावे. पण तेथे प्रभू पुनरुक्तीला दोष देत नसून, शब्दांची रास घातली की आपले ऐकले जाईल या समजुतीला दोष देतो. लगेच पुढे त्याने जी प्रार्थना शिकवली, तिच्यात रोजची भाकर रोज मागायला सांगितली आहे. काल मागितली होती म्हणून आज मागू नये, असे कोणी म्हणत नाही.

प्रचारकाचे म्हणणे तपासायला थोडा अधिक वेळ लागतो, कारण त्यात अर्धे सत्य आहे. इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात आपण धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ जावे, असे खरोखर म्हटले आहे. पण 'धैर्य' या मराठी शब्दाने आपली थोडी फसगत होते. धैर्य म्हटले की आपल्याला छाती पुढे काढणे, आवाज चढवणे आठवते. मूळ शब्द 'पार्रेसिया' असा असून त्यात 'सगळे बोलणे' असा अर्थ भरलेला आहे. अथेन्ससारख्या नगरात स्वतंत्र नागरिकाला सभेत मनातले सगळे बोलण्याची जी मोकळीक असे आणि गुलामाला नसे, तिला हा शब्द होता. ज्या मंदिराच्या परमपवित्र स्थानात केवळ प्रमुख याजकाने, तेही वर्षातून एकाच दिवशी जावे असा दंडक होता, त्याच्या पार्श्वभूमीवर हे पत्र सांगते की आता तुम्ही सगळे आत या आणि मोकळेपणाने बोला. ही मोकळीक घरच्या माणसाची आहे, आणि ती आपल्याला ख्रिस्तामुळे मिळालेली आहे. सावकार दाराशी धरणे धरून तगादा लावतो, तेव्हा त्याच्या खिशात रोखा असतो. लेकरू आईच्या पदराला धरून ओढते, तेव्हा त्याच्या हातात कसलाही कागद नसतो, आणि तरी त्याला नाही म्हणणे सावकाराला नाही म्हणण्यापेक्षा अवघड जाते.

सदोम नगराचा नाश होऊ नये म्हणून अब्राहामाने देवाशी केलेली घासाघीस वाचा. ५० नीतिमानांपासून सुरुवात करून तो ४५, ४०, ३०, २० करीत १० वर येतो. मराठी बाजारातल्या कोणालाही हा सूर ओळखू येईल. पण त्याच दमात तो स्वतःला धूळ व राख म्हणवतो. धिटाई आणि नम्रता त्याच्या बोलण्यात एकत्र नांदतात. मार्कच्या पहिल्या अध्यायातील कुष्ठरोगी म्हणतो, आपली इच्छा असली तर मला शुद्ध करण्यास आपण समर्थ आहा. या 'इच्छा असली तर' मध्ये प्रभूला अविश्वास दिसला नाही. योहानाच्या पहिल्या पत्रातही, जेथे हाच मोकळेपणाचा शब्द प्रार्थनेला लावला आहे, तेथे 'त्याच्या इच्छेप्रमाणे' ही अट शेजारीच आहे. ती अट काढून टाकली की प्रार्थनेचा नवस होतो, मग मेणबत्तीच्या जागी उपास असो की मोठा आवाज. मी इतके घातले, तू इतके दे, हा व्यवहार आपल्या रक्तात मुरलेला आहे आणि ख्रिस्ती झाल्याने तो आपोआप जात नाही. मी स्वतः तो पुष्कळदा केला आहे.

हक्काच्या भाषेविषयी मी इतका सावध का झालो, ते सांगतो. पाळकपणाच्या तिसऱ्या वर्षी एका आजारी मुलीच्या खाटेशी मी रात्रभर प्रार्थना केली आणि पहाटे तिच्या आईला सांगितले की देवाने माझ्या मनात साक्ष दिली आहे, ही बरी होणार. चौथ्या दिवशी मुलगी गेली. आई मला काही बोलली नाही. ती उपासनेला येत राहिली, पण प्रार्थनेचे विषय विचारले की पुढे कधीही हात वर करीनाशी झाली. मुलगी जाणे माझ्या हातात नव्हते, पण देवाच्या नावाने मी जे वचन वाटले, ते माझे होते. तेव्हापासून मी कोणाला 'होणारच' असे सांगितलेले नाही, तुम्हालाही सांगत नाही.

मुलासाठी रडणाऱ्या आया मंडळीच्या इतिहासात पुष्कळ झाल्या, त्यांपैकी एकीची हकिगत तुमच्या कामाची आहे. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत मोनिका नावाची स्त्री होती. तिचा मुलगा ऑगस्टिन हुशार होता, पण मानी नावाच्या गुरूने काढलेल्या, मंडळीबाहेरच्या पंथात गेला आणि सुमारे नऊ वर्षे तेथेच राहिला. ती एका बिशपांकडे गेली आणि मुलाशी बोला म्हणून मागे लागली. ते स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढलेले होते; त्यांनी सांगितले की तो आत्ता ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, तुम्ही प्रार्थना करीत राहा. तरीही ती रडत विनवीत राहिली, तेव्हा ते जरा वैतागून म्हणाले, जा आता, इतक्या आसवांचा पुत्र नाश पावणे शक्य नाही. पण माझ्या मते त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. इ.स. ३८३ मध्ये ऑगस्टिन रोमला निघाला. तो जाऊ नये म्हणून मोनिका कार्थेजच्या किनाऱ्यावरील एका प्रार्थनास्थळात रात्रभर रडून प्रार्थना करीत होती. मुलाने तिला खोटे सांगितले आणि रातोरात जहाज हाकारले गेले. तिची त्या रात्रीची मागणी साफ नाकारली गेली. पण रोमहून तो मिलानला गेला, तेथे त्याने तिथले बिशप अम्ब्रोस यांचे उपदेश ऐकले, आणि ३८७ साली त्याचा बाप्तिस्मा झाला. ऑगस्टिनने पुढे 'आत्मनिवेदन' या आपल्या ग्रंथात लिहिले आहे की आईने त्या रात्री जे मागितले ते देवाने दिले नाही, कारण ती नेहमी जे मागत आली होती, ते त्याला द्यायचे होते. तुम्हीही तुमच्या मागणीतले 'त्या रात्रीचे' आणि 'नेहमीचे' वेगळे करून पाहा. अमुक नोकरी टिकावी, अमुक मित्र सुटावा, ही त्या रात्रीची मागणी असू शकते. मुलगा देवाकडे व स्वतःकडे परत यावा, ही नेहमीची आहे. पहिली नाकारली गेली म्हणून दुसरी सोडू नका.

आपल्या जवळचे उदाहरण पुणे जिल्ह्यातील केडगावचे आहे. पंडिता रमाबाईंनी १९०५च्या जानेवारीत निराधार स्त्रियांसाठी काढलेल्या मुक्ती सदनातील मुलींना रोज एकत्र प्रार्थनेसाठी बोलावले. सुमारे ७० जणी पुढे आल्या, आणि जूनच्या अखेरीस तेथे जी मोठी आत्मिक जागृती झाली, तिच्या आधी संख्या कित्येक पटींनी वाढली होती. आम्ही पाळक ही गोष्ट सांगताना जागृतीवर थांबतो. मला त्या मधल्या पाच महिन्यांविषयी अधिक कुतूहल आहे, ज्यांत काहीही दिसत नव्हते आणि तरी मुली रोज जमत होत्या, शेतीचे, विणकामाचे, छापखान्याचे काम सांभाळून.

प्रत्यक्षात काय करावे, हेही सांगायला हवे. आपला मराठी ख्रिस्ती माणूस घरात मोकळे बोलतो आणि प्रार्थनेला डोळे मिटले की एकदम पुस्तकी होतो. सर्वसमर्थ, सर्वज्ञ, परमकृपाळू अशी विशेषणे दोन मिनिटे चालतात आणि मुलाचे नाव येतच नाही. माझ्या एका मंडळीत एक म्हातारी मावशी होती, लिहिता-वाचता न येणारी. पहाटे चुलीपुढे बसून ती म्हणायची, "देवा, काल सांगितलं तेच सांगते, कारण काल झालं नाही." मग नातवाचे नाव, त्याने काल काय केले ते, आणि आज काय हवे ते. तीन-चार मिनिटांत उठून ती पीठ मळायला घेई. मी पुस्तकांतून शिकलो त्यापेक्षा त्या चुलीपुढे अधिक शिकलो. ऑगस्टिननेही प्रोबा नावाच्या विधवेला लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे की पुष्कळ प्रार्थना म्हणजे पुष्कळ बोलणे नव्हे, आणि मिसर देशातील बंधुजन बाणासारख्या छोट्या छोट्या प्रार्थना करतात. तुम्हीही वेळ ठरलेली ठेवा, शब्द थोडे ठेवा, मुलाचे नाव घ्या. एक वही ठेवा आणि तारीख घालून एक ओळ लिहा. सात वर्षांत काहीच झाले नाही असे वाटते तेव्हा ती वही बहुधा वेगळे सांगते.

राग आला असेल तर तोही बोला. १३व्या स्तोत्रात कोठवर, कोठवर असे चार वेळा विचारले आहे, आणि ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते. देवाने ते आपल्या पुस्तकातून काढून टाकले नाही. विठोबाशी हुज्जत घालणारे संत ज्या भाषेत झाले आणि ज्या भाषेत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगांतून आळवले, त्या भाषेत देवापुढे गाऱ्हाणे घालायला शब्द कमी पडू नयेत.

प्रार्थना करणाऱ्याने मुलाच्या खिशात पैसे घालू नयेत, हेही चिकाटीचाच भाग आहे. तुम्ही त्याची उधारी फेडत असाल, कामावर फोन करून आजारी आहे म्हणून सांगत असाल, तर तुमचे हात तुमच्या प्रार्थनेच्या विरुद्ध काम करीत आहेत. व्यसन हा आजारही आहे. १९८६ साली सुरू झालेले पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आणि गावोगावच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा यांना देवाच्या विरोधातले मानू नका. घरच्यांसाठीही तेथे मार्गदर्शन मिळते. तो अंगावर हात टाकत असेल, तर मारहाण सोसणे म्हणजे श्रद्धा नव्हे. वेगळे राहूनही त्याच्यासाठी गुडघे टेकता येतात.

थांबू का, या तुमच्या प्रश्नाला शास्त्रात दोन ठिकाणी उत्तर सापडते. प्रेषित पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीन वेळा विनंती केली आणि मग थांबला, कारण त्याला उत्तर मिळाले होते, 'माझी कृपा तुला पुरे आहे.' दावीद राजाने आपल्या आजारी बाळासाठी सात दिवस जमिनीवर पडून उपास केला. बाळ गेले हे कळल्यावर तो उठला, स्नान केले, मंदिरात जाऊन नमन केले आणि जेवला. एक थांबला उत्तर आल्यामुळे, दुसरा मागणे संपल्यामुळे. तुमच्या बाबतीत यांतले काहीही झालेले नाही. मुलगा जिवंत आहे, संध्याकाळी घरी येतो आहे, आणि देवाने तुम्हाला नाही म्हटलेले नाही; कंटाळा आला आहे तो तुम्हाला, आणि सात वर्षांनी तो येणारच. ज्या दिवशी शब्द फुटणार नाहीत, त्या दिवशी दुसऱ्या कोणा बहिणीला सांगा की आज माझ्या वतीने तू माग. पक्षाघात झालेल्या माणसाला त्याच्या चौघांनी छप्पर उसकून खाली सोडले होते, तो स्वतः चालत आला नव्हता.

राहिला शुक्रवारचा उपास. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन उपाशी राहिले तर साखर एकदम उतरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय निर्जळी किंवा दिवसभराचा उपास मुळीच धरू नका, आणि उपासासाठी गोळीही चुकवू नका. शुक्रवारी वेळेवर जेवा, फक्त दुपारची मालिका बंद ठेवा आणि त्या अर्ध्या तासात दार लावून मुलाचे नाव घ्या.